पार्वतीचा बाप

२३ मे, गुरुवार

सकाळी सहाला अंगणात ३१ अंश, दुपारी दोनला ४५. धरणाच्या दरवाजांवर एकतीस वर्षं पाण्याची पातळी लिहिली. निवृत्त झालो तरी रोज वहीत एखादा आकडा लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. आज मात्र आकड्यापेक्षा मोठी गोष्ट घडली आहे.

मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येतो तर आमच्या पाड्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, उत्सव समितीचा बनमाळी ओसरी उतरून निघालेला, आणि सुकांतीच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा भाव.

"कशाला आला होता?"

"मुलगी मागायला."

"कोणाची?"

"आपली."

"आपल्याला मुलगी कुठाय? एक मुलगा, तोही झारसुगुड्याच्या कारखान्यात."

"म्हणूनच हो म्हटलं."

मग उलगडा झाला. शीतलषष्ठीला महादेवाचं लग्न लागतं. दरवर्षी पाड्यातलं एक जोडपं पार्वतीचे आईबाप होतं आणि कन्यादान करतं. महादेव स्वयंभू, त्याला ना आई ना बाप. म्हणून त्याच्या बाजूचं सगळं पलीकडच्या पाड्याची मंडळी बघतात. यंदा मुलीचे आईबाप आम्ही.

"मला विचारलंस?"

"तुम्ही आंघोळीला होता. देवाचं लग्न काय तुमच्या साबणासाठी थांबणार?"

मी शिकलेला माणूस आहे. श्रद्धा आहे, पण बेताची. बासष्टाव्या वर्षी पितळेच्या मुलीचा बाप व्हायचं म्हणजे लोक हसतील. पण हिने शब्द दिला आहे, आणि संबलपुरात दिलेला शब्द मागे घेतलेला माणूस पानाच्या टपरीवर उभा राहू शकत नाही.

२८ मे, मंगळवार

लोक हसले. बनमाळी चारचौघांत म्हणाला, "काका, तुमचं नाव लंबोदर. म्हणजे पार्वतीचा मुलगाच पार्वतीचा बाप झाला!" दहा जण खो खो हसले. मीही हसलो, पण जरा उशिराने.

सुकांती आणि सूनबाई इप्सिता रोज बाजारात. लाल बांधणीची साडी आणली, ती आमच्या सुनेच्या लग्नातल्या साडीपेक्षा महाग. मी तसं बोलून दाखवलं. सुकांती म्हणाली, "त्या वेळी खरेदीला तुम्ही बरोबर होता."

रात्रीच्या जेवणाला इप्सिता मला वाढताना म्हणाली, "बापा, मुलीचा बाप होणं सोपं नसतं हं."

मी म्हटलं, "अगं, लग्नकार्याचा मला अनुभव आहे. तुझ्याच लग्नात बघितलंस ना?"

ती भाजीचं भांडं घेऊन आत गेली.

ती गोष्ट इथे लिहून ठेवायला हरकत नाही. पाच वर्षांपूर्वी, केंद्रापाड्याच्या पलीकडे तिच्या गावी आमची वरात गेली. रात्री आठला पोचायचं होतं. वाटेत दोनदा चहा झाला, एकदा मेहुण्याचं पित्त उसळलं, पोचायला एक वाजला. वरातीला उशीर होतोच, त्यात काही नाही. पण जेवायला बसलो तर डालमा, म्हणजे भाज्या घातलेली डाळ, थंड! मी पानावरून उठलो, तडक गाडीत जाऊन बसलो. नंदबाबू, म्हणजे इप्सिताचे वडील, धोतर सावरत धावत आले आणि शंभर माणसांसमोर हात जोडून उभे राहिले. दहा मिनिटं गेल्यावर मी उतरलो. वरपित्याने मान राखायचा तो असा. आमच्याकडचे लोक अजून ती गोष्ट सांगतात.

ती गोष्ट निघाली की सून उठून आत जाते. स्वयंपाकघराची फार काळजी तिला.

५ जून, बुधवार

नंदबाबू आले. दरवर्षी सावित्रीच्या व्रताच्या आदल्या दिवशी मुलीसाठी साडी, बांगड्या, आंबे, ताडगोळे घेऊन येतात. रात्रभर गाडीत बसून सकाळी आमच्या दारात. ओसरीच्या टोकाच्या खुर्चीवर अर्धे बसतात, छत्री मांडीवर आडवी, एक पेला पाणी पितात, "येतो" म्हणतात आणि दहाच्या बसने परत. खेड्यातल्या शाळेत मास्तर होते, आता निवृत्त. पाच वर्षांत आमच्याकडे एकदा जेवले नाहीत.

ते इप्सिताशी बोलत होते तेव्हा मी आत येऊन सुकांतीला म्हटलं, "माणूस गर्विष्ठ आहे. कटककडची माणसं असलीच."

"पाच वर्षांत तुम्ही एकदा तरी 'बसा' म्हणालात?"

"म्हणायला कशाला हवं? खुर्ची ठेवलेली असते."

सुकांतीने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या गळक्या नळाकडे बघतो. मग पदर खोचून बाहेर गेली आणि म्हणाली, "भाऊ, सोमवारी आमच्या मुलीचं लग्न आहे. तुम्ही यायचं. मुलीकडच्या माणसांत कुणीतरी जाणतं पाहिजे. यांना त्यातलं काही कळत नाही."

मला कळत नाही! नंदबाबू मात्र हसले. पाच वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. म्हणाले, "आमंत्रण मुलीच्या आईचं आहे, मोडवणार नाही."

६ जून, गुरुवार. सावित्री अमावास्या

ढग आले, बघून गेले. ४३.

घरात उपास. पाट्याला हळदकुंकू लावून पूजा झाली, कथा झाली. नवऱ्यांना नमस्कार करायची वेळ झाली तशी मी पाय स्वच्छ धुऊन बसलो. सुकांती वाकली. मी "अखंड सौभाग्यवती भव" म्हटलं आणि मग लक्षात आलं, हा आशीर्वाद मी मलाच देतोय. तीही वाकल्या वाकल्या हसत होती.

मुलगा सौम्य अर्ध्या दिवसाच्या रजेवर येऊन बायकोचा नमस्कार घेऊन परत गेला. इप्सिताने वडिलांनी आणलेली हिरवी साडी नेसली होती. फळं चिरताना म्हणाली, "बापा, पुढच्या शुक्रवारी रज..." आणि थांबली.

"बोल ना गं," सुकांती म्हणाली.

"काही नाही, बोउ. ताडगोळा गोड निघाला."

रज हा तिच्या माहेरच्या बाजूचा, झोपाळ्यांचा सण. आमच्या इथे त्याचं एवढं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने माहेरी जाऊ का विचारलं होतं. मी म्हटलं, झोपाळाच हवा ना, ओसरीवर आहे की. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. समजूतदार मुलगी.

८ जून, शनिवार

आज वरपक्षाची मंडळी विड्याची पानं आणि सुपारी घेऊन लग्न ठरवायला आली. पुढारी शशधर गुरू. मिठाईचं दुकान आहे, पोटही दुकानाला शोभेलसं. पाड्यातल्या बायका आमच्या बाजूने दारात गोळा झाल्या. वरपक्षाला टोमणे मारायचा त्यांचा आज हक्कच.

"मुलाला घरदार काही आहे का?" सुकांतीने सुरुवात केली.

"कैलास आहे की, काकू!"

"बर्फात? माझ्या मुलीला सर्दी होते."

"अंगाला राख फासतो म्हणे."

"मग आंदणात साबणाची पेटी द्या!"

"साप गळ्यात, भुतं वऱ्हाडात. पत्रिका कोणी जुळवली?"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "मुलाला व्यसन आहे असं ऐकतो?"

"छे, छे," शशधर म्हणाला, "नुसता गांजा."

सगळे परत हसले. मला हसू आलं नाही. का ते सांगता येत नाही. मुलगी आमच्याकडे उद्या यायची आहे, अजून मी तिला नीट पाहिलीही नाही, आणि हा माणूस 'नुसता गांजा' म्हणतो.

"वरात किती वाजता?"

"बाराच्या ठोक्याला, काका. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

मी वहीत लिहून घेतलं: रात्री १२.००. शशधरने ते पाहिलं आणि शेजारच्याला कोपर मारलं.

९ जून, रविवार

मुलगी घरी आली. वीतभर उंची, पितळेची, नाक थोडं झिजलेलं. बायकांनी हळद लावली. इप्सिता तिच्या पायांना आळता लावताना गाणं गुणगुणत होती, गळा इतका गोड आहे हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं.

पहिली सुपारी समलेश्वरीला देऊन आलो. गावच्या आईला सांगितल्याशिवाय इथे कुणाचं लग्न होत नाही. मग इतर देवांची आमंत्रणं. पायांचे तुकडे पडले.

दुपारी चार तास वीज नव्हती. सगळ्या आत पडल्या होत्या. मी देव्हाऱ्याच्या खोलीत पंखा घेऊन बसलो. सुकांती पाणी प्यायला उठली.

"कोणाला वारा घालताय?"

"मलाच."

"पंखा तिच्याकडे आहे."

धातूला उकडत नाही हे मला ठाऊक आहे. तापमान म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पण हळद लावलेली, सकाळपासून माणसांच्या गर्दीत बसलेली, उद्या दुसऱ्याच्या घरी जायची. पंखा हातात होता, हलवला. एवढंच.

११ जून, मंगळवार

काल काय झालं ते सगळं क्रमाने लिहितो. गावात उलटसुलट बोलतील, इथे तरी खरं असावं.

सोमवारी सकाळपासून माझा आणि सुकांतीचा निर्जळी उपास. नंदबाबू सकाळच्या गाडीने आले. आल्याआल्या धोतर खोचून मांडवात गेले आणि कुठे पाण्याचं पिंप ठेवावं, कुठे पंखा लावावा, पानं कोणत्या कोपऱ्यात पुसावी, हे पोरांना सांगायला लागले. मला म्हणाले, "डालमा आत्ता चढवू नका. वरात वेशीवर आली असं कळलं की चढवायचा. म्हणजे गरम राहतो." मी म्हटलं, "बाराला येणार आहेत, वहीत आहे." ते म्हणाले, "हो हो," आणि आचाऱ्याला हळूच काहीतरी सांगून आले.

बारा वाजले. एक वाजला. वाजंत्र्यांचा आवाज तीन गल्ल्या पलीकडून यायचा, जवळ यायचा आणि परत लांब जायचा. कोणी सांगे हनुमान झालेला माणूस उसाचा रस पितोय, कोणी सांगे नरसिंहाची आयाळ सुटली. दोन वाजले. आचारी, वाढपी, पाणी आणणारी पोरं, सगळी उपाशी. आधी वऱ्हाड जेवल्याशिवाय मुलीकडच्यांनी खायचं नाही ही रीत. इप्सिता मुलीजवळ भिंतीला टेकून बसलेली. मी दर पाच मिनिटांनी दारात जाऊन यायचो. एकदा नंदबाबू म्हणाले, "बसा हो. उभं राहिल्याने वरात लवकर येत नाही. मी उभा राहून बघितलंय."

साडेतीनला वरात आली. ढोल, निशाण नगारा, सनईसारखी मुहुरी, मशाली, भुतं, नंदी. पुढे शशधर, गळ्यात झेंडूची माळ. मी पुढे होऊन गंध लावलं, बेलाचं सरबत हातात दिलं. त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मागे वळून मोठ्याने म्हणाला, "कोमट आहे रे! मुलीकडच्यांना बर्फ मिळाला नाही वाटतं!"

बर्फ होता. दीडपर्यंत होता.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. आवाज माझाच होता. "साडेतीन तास माझी मुलगी नटून बसली आहे! माझी माणसं उपाशी आहेत! आणि तुम्हाला बर्फ हवा? नाही द्यायची मला मुलगी! जा, घेऊन जा तुमचा नवरा कैलासावर!" आणि मी मांडवाचं बांबूचं फाटक ओढून घेतलं. ढोल थांबला.

शशधर आधी हसला, त्याला वाटलं टोमणा आहे. मग त्याने माझा चेहरा पाहिला. "काका, देवाचं लग्न आहे, असं कुठं..."

"देवाचं तुमच्याकडे. इथे माझ्या मुलीचं आहे."

बनमाळी पांढराफटक. पुरोहित मुहूर्त मुहूर्त करतोय. पाड्यातल्या बायका मात्र फाटकाला येऊन उभ्या राहिल्या, माझ्या बाजूला. वऱ्हाडात कुजबुज वाढली. एकजण म्हणाला, चला परत. आणि खरंच दोनचार मशाली वळल्या. शेकडो वर्षांत न मोडलेलं लग्न लंबोदर बोहिदारने मोडलं, असं नाव लागणार. पण फाटक सोडवेना.

तेवढ्यात नंदबाबू माझ्या मागून आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्याही, मुलीच्या बापाला राग गिळावा लागतो. तुम्ही बाजूला व्हा. मला जमतं हे." आणि फाटकाच्या फटीतून बाहेर जाऊन, धोतर सावरत, त्यांनी शशधरसमोर हात जोडायला घेतले.

मी त्यांचे हात धरले. दोन्ही. आवळूनच धरले असावेत, त्यांची बोटं पांढरी झाली. "तुम्ही नाही," मी म्हटलं. "तुम्ही हात जोडायचे नाहीत." ते हात जोडलेले मला का बघवले नाहीत, देव जाणे. ते माझ्याकडे बघत राहिले. मागे इप्सिता उभी होती, तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

मग मी शशधरला सांगितलं, "लग्न होईल. पण आधी माझी माणसं जेवतील. आचारी, वाढपी, पाण्याची पोरं. तुम्ही बाहेर थांबा. वीस मिनिटं."

असं कधी झालं नव्हतं. वऱ्हाड ताटकळतंय आणि वाढपी जेवतायत! शशधरने पोटावरून हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं. तेव्हा नंदीच्या मागून एक म्हातारी, त्याचीच आई, ओरडली, "अरे शशिया, चुकलंय तुझं! बस खाली! साडेतीन वाजता येऊन बर्फ मागतोस? तुझ्या बहिणीच्या लग्नात तुझा बाप रडला होता, विसरलास?"

शशधर बसला. रस्त्यावरच. मग हनुमान बसला, नरसिंह बसला, भुतं बसली. नंदबाबूंनी आचाऱ्याला खूण केली. डालमा वाफाळता होता, वरात वेशीवर आली तेव्हाच त्यांनी तो चढवायला लावला होता. पोरं जेवली. मी स्वतः वाढलं. शशधर बाहेरून म्हणाला, "काका, वास तरी बाहेर सोडू नका!" आणि सगळा रस्ता हसला. मीही.

पहाटे कन्यादान झालं. मुलीचा हात, म्हणजे ते बोटभर पितळ, महादेवाच्या हातावर ठेवून वरून पाणी सोडायचं होतं. पुरोहित म्हणाला सोडा, तरी माझा हात उचलेना. होमाचा धूर डोळ्यांत गेला होता. सुकांतीच्याही गेला होता.

१२ जून, बुधवार

काल दिवसभर मिरवणूक गावभर फिरली. मुलगी पालखीत, नवऱ्याशेजारी. पाऊस भुरभुरला. माझ्या दारावरून गेली तेव्हा मी आत होतो. सुकांती म्हणाली, "बघायला नाही आलात?" मी म्हटलं, काल बघितलंय.

घर रिकामं वाटतं. वीतभर मूर्ती दोन दिवस होती घरात. तिच्या जागी हळदीचा डाग राहिलाय.

नंदबाबू काल जेवून गेले. आमच्याकडे, पानावर बसून. मला वाटतं मी 'बसा' म्हणालो.

दुपारी मी सुकांतीला शशधरच्या आगाऊपणाबद्दल परत सांगत होतो. "साडेतीनला वरात, वर सरबत कोमट म्हणतो. मुलीच्या बापाला काय वाटत असेल याचा विचार नको?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हं."

"आणि नंदबाबू बघ. किती सहज पुढे झाले हात जोडायला. जणू सवयच आहे."

"हं."

"सवय कशी असेल गं एवढी..."

सुकांतीने तांदळातून डोकं वर काढलं नाही. खडा उचलून बाजूला ठेवला.

संध्याकाळी

आठ ते एक. पाच तास. शशधरपेक्षा दीड तास जास्त.

त्या रात्री त्यांच्याकडची माणसं कधी जेवली असतील? इप्सिता कुठे बसली होती? कोणाला विचारलंच नाही मी. पाच वर्षं ती आमच्या घरात मला गरम गरम वाढते आहे.

आणि मी ती गोष्ट तिच्यासमोर किती वेळा सांगितली असेल, ते मोजायला बसलो आणि सोडून दिलं. आकडे लिहायची सवय असलेल्या माणसाला असा एखादा आकडा पुरतो.

सुनेच्या खोलीच्या दाराशी गेलो. "शुक्रवारी रज आहे ना गं?"

"हो, बापा."

"उद्याच्या गाडीची दोन तिकिटं मिळतात का बघ तुझ्या त्या फोनवर. तुला सोडायला मी येतो."

तिने फोन उचलला. मग विचारलं, "सोडून लगेच परत?"

"राहीन म्हणतो. त्यांनी ठेवलं तर."

सुकांतीला तू पण चल म्हटलं तर म्हणाली, "व्याह्याव्याह्यांचं व्याह्यांनी बघावं." आणि नुसती हसत राहिली. या बाईच्या मनात केव्हापासून काय होतं, मला कधी कळणार नाही.

१५ जून, शनिवार. नंदबाबूंच्या गावी

इथे पाऊस चांगला झालाय. नांगर सगळे भिंतीला टेकवून ठेवलेत. रज म्हणजे तीन दिवस जमिनीला विश्रांती, आणि बायकांनाही. चूल नाही, वरवंटा नाही, अनवाणी चालणं नाही. आंब्याच्या झाडाला झोपाळा, त्यावर इप्सिता आणि तिच्या चुलतबहिणी. ती इतक्या उंच जाते की मी दोनदा "हळू गं!" ओरडलो. विहीणबाई म्हणाल्या, "ओरडू नका, ती ऐकायची नाही. लहानपणापासून अशीच आहे." आमच्याकडे तर मी तिला कधी धावतानाही पाहिलं नाही.

पुरुष सगळे ओसरीवर पत्ते खेळतात. मी आणि नंदबाबू भिडू होतो, तीन डाव हरलो. दुपारी बाकीचे पेंगायला लागले तेव्हा मी पत्ते पिसत म्हटलं, "नंदबाबू, त्या वेळी... लग्नात... ते गाडीत बसण्याचं..."

"कोणत्या वेळी?"

"सौम्य-इप्सिताच्या लग्नात. आम्हाला एक वाजला होता, वर मी..."

"छे हो. इतकी जुनी गोष्ट. मला काही आठवत नाही."

मी मान खाली घालून पानं वाटली. त्यांनी हातातली पानं लावली, एक उलट होतं ते सुलट केलं, आणि म्हणाले, "आणि एक वाजला नव्हता. पावणेदोन झाले होते."

मी वर पाहिलं. ते पानांत बघत होते, पण मिशी हलत होती.

"चूक झाली माझी," मी म्हटलं.

"वेळेची?"

"सगळीच."

"टाका पान," ते म्हणाले. "तुमची उतारी आहे."

तो डाव आम्ही जिंकलो.

१६ जून, रविवार

सकाळी बायकांनी फर्मान काढलं. सणाच्या आधी करून ठेवलेला पोडपिठा, म्हणजे तांदळाचा भाजलेला गोड पदार्थ, संपला, आता दुपारचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा. भाऊबंद बाजाराचं कारण काढून सटकले. राहिलो दोन व्याही.

नंदबाबूंनी कमरेला पंचा गुंडाळला. मी भाजी चिरली. विहीणबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "हे तुकडे आहेत की विटा?" भात खाली लागला, वरचा वाचवला. नंदबाबूंचं आणि माझं डाळीत खोबरं केव्हा घालायचं यावरून भांडण झालं, दोघांनीही दोनदा घातलं. धुराने दोघे खोकत होतो आणि मध्येच ते इतके हसायला लागले की त्यांना चुलीपुढून उठून ओसरीवर जावं लागलं.

दीडला पानं मांडली. इप्सिता, तिच्या बहिणी, विहीणबाई, शेजारच्या दोघी. मी डालमाचं भांडं घेऊन वाढत गेलो. वाढणं सोपं काम नाही, कंबर धरते. इप्सिताच्या पानाशी आलो तेव्हा तिने वर बघितलं, मग पानात बघितलं. केसात झोपाळ्यावरची आंब्याची पानं अडकली होती. मी वाढलं आणि तिथेच उभा राहिलो. पुढे जायचं सुचलं नाही.

तिने घास घेतला. नीट चावला. तिच्या बहिणी थांबल्या.

"गरम आहे," ती म्हणाली. "पण मीठ कमी आहे, बापा."

विहीणबाईंनी मुलीला कोपर मारलं. नंदबाबू भाताचं पातेलं धरून होते तिथेच थिजले आणि धास्तावून माझ्याकडे बघायला लागले.

मी भांडं खाली ठेवलं आणि मीठ आणायला आत गेलो. परकं स्वयंपाकघर, मीठ कुठे ठेवतात ते मला कसं ठाऊक असणार? एकात गूळ निघाला, एकात हळद, एकात कसलीशी बी. बाहेरून इप्सिता ओरडून सांगत होती, "खालच्या फळीवर, बापा! खालच्या!" आणि त्या सगळ्याजणी हसत होत्या. मी गुडघे टेकून खालच्या फळीत हात घातला.